चिवडा चावतो

कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे दात २८ असतात. माणसाच्या बाळाचं २० दातांवर भागतं, आणि तेवढे यायलाही ते अडीच-तीन वर्षं घेतं. पिल्लाला इतकी सवड नसते. तिसऱ्या आठवड्यात पहिला दात हिरडीतून डोकावतो आणि दोन महिन्यांचं होईपर्यंत तोंड भरून जातं. दात इवलेसे, पण टोकं अशी की त्यांनी साडीला फॉल लावून घ्यावा.

ही टोकं उगीच दिलेली नाहीत. पिल्लाच्या जबड्यात जोर नसतो, त्यामुळे त्याच्या चाव्याने फारसं नुकसान होत नाही. दुखतं मात्र झकास. तसं ते दुखावं हीच योजना आहे. खेळता खेळता एक पिल्लू दुसऱ्याचा कान जरा जास्तच दाबतं, दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून चालू लागतं. आईच्या अंगाशी जास्त लगट केली तर ती गुरकावून उठून जाते. असं दिवसातून दहादा झालं की पिल्लाच्या टाळक्यात शिरतं की एवढ्या जोराने चावलं तर खेळ मोडतो. हा अभ्यासक्रम पुरा व्हायला निदान आठ आठवडे लागतात, म्हणून तोवर पिल्लू आईपासून तोडू नये असं पशुवैद्य सांगतात. ज्यांची शाळा मध्येच सुटते, त्यांचं उरलेलं शिक्षण आपल्या हातांवर पूर्ण होतं.

आमचा चिवडा हा असा मध्येच शाळा सुटलेला विद्यार्थी. सोसायटीच्या मीटरच्या खोलीमागे पाच पिल्लं झाली होती. चार जणांना एकेक करून घरं मिळाली आणि हा उरला. उरलेला हा लेकीच्या दप्तरातून वर आला, आणि दप्तर उघडेपर्यंत त्याने मराठीच्या वहीचं पहिलं पान खाल्लेलं होतं. अंगावर पिवळा, तपकिरी, काळा आणि थोडा पांढरा असे सगळे रंग कुणीतरी परातीत घेऊन कालवल्यासारखे. लेक म्हणाली, चिवडा. नवऱ्याला ब्रूनो हवं होतं. सासूबाई म्हणाल्या, कुत्र्याचं नाव मोती असतं. एका नावावर एकमत होत नव्हतं, पण चिवडा म्हटल्यावर पिल्लाने मान वर केली आणि विषय संपला. (जाता जाता सांगून ठेवते, चिवड्यात बेदाणे असतात आणि कुत्र्याला बेदाणे आणि द्राक्षं देऊ नयेत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यामुळे दिवाळीत आमच्याकडे एका चिवड्याला दुसऱ्या चिवड्यापासून लांब ठेवावं लागतं.)

आता, पिल्लू हातालाच का चावतं? मला आधी वाटायचं की हात हाताशी असतो म्हणून. पण नीट पाहिलं तर दोष पिल्लाचा नाही. पिल्लू दिसलं की आपण पुढे काय करतो? हात. कुरवाळायला हात, उचलायला हात, खाऊ घालायला हात, तोंडातून सेफ्टी पिन ओढून काढायला हात. गंमत म्हणून त्याच्या नाकासमोर बोटं नाचवतो तोही हातच. त्या बिचाऱ्याला जग चाचपून बघायला हात नाहीत, तोंड आहे. आपण हात पुढे करतो, ते तोंड पुढे करतं. त्याच्या दृष्टीने हे हस्तांदोलन.

चिवड्याने आमच्या घरातल्या प्रत्येक हाताचं वेगळं खातं उघडलं होतं. नवऱ्याला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही. फोनवर समोरच्याला दिसत नसतानाही तो 'हे बघा, इथे तुमचं मार्जिन' असं म्हणत डावा हात हवेत फिरवतो. चिवड्याला तो हात म्हणजे घरात शिरलेला मोठा पक्षी वाटत असावा. तो सोफ्याखाली दबा धरून बसायचा आणि 'मार्जिन'ला झेप घ्यायचा. लेकीचा हात सगळ्यांत लाडका, कारण दात लागला की ती किंचाळून हात झटक्याने मागे घेते आणि पळत सुटते. पळणाऱ्या वस्तूच्या मागे धावायचं हे कुत्र्याच्या जातीला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे, त्यासाठी शिकवणी लागत नाही. सासूबाईंच्या हाताला तुपाचा वास, म्हणून तो हात आधी मनगटापर्यंत चाटून घ्यायचा आणि त्यात काही नाही अशी खात्री पटली की मगच चावायचा. आणि माझा हात औषध पाजणारा, नखं कापणारा, तोंडातला मोजा हिसकावणारा. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी जो गुबगुबीत भाग आहे तो तो दाढेच्या बाजूने धरायचा, आणि चावत असताना डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत राहायचा. त्या नजरेत राग नसायचा. किती दाबल्यावर ही ओरडते याची तो शांतपणे नोंद घेत असायचा.

घरात येणाऱ्या एकाच माणसाला तो कधी चावला नाही. मावशी रोज सकाळी केरफरशीला येतात. तो फरशीच्या फडक्याला चावायचा, बादलीच्या कडीला चावायचा, मावशींच्या हाताला कधीच नाही. याचं कारण पुढे कळलं.

आपल्या हाताला ओरखडा दिसला की सोसायटीत दोन गोष्टी होतात. पहिली, सल्ला मिळतो. दुसरी, पोटातल्या चौदा इंजेक्शनांची गोष्ट ऐकायला मिळते. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक मराठी माणसाच्या ओळखीत एक तरी असा असतो ज्याला ती चौदा घ्यावी लागली होती, आणि प्रत्येक वेळी सांगताना सुई थोडी लांब होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची सुई तर हल्ली पाठीतून बाहेर यायच्या बेतात आहे. ती गोष्ट खोटी नव्हे. कसौलीत डेव्हिड सेम्पल यांनी १९११ साली तयार केलेली लस तशीच पोटावर टोचत, आणि आपल्याकडे ती २००४ पर्यंत बनत होती. आता लस दंडावर मिळते, मोजके डोस असतात आणि काही कळतही नाही. पण लस सोपी झाली म्हणून पिल्लाचा दात हसण्यावारी न्यायचा नसतो, हे मी इथे गंभीर होऊन सांगते. पार्किंगमधून आलेलं, लस न झालेलं पिल्लू, आणि दाताने रक्त निघालेलं: अशा वेळी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची आणि थेट डॉक्टर गाठायचे. हळद, चुना, तिखट यातलं काही भरायचं नाही. आम्ही घरातल्या चौघांनी लस घेतली. तीन महिन्यांचा झाल्यावर चिवड्यालाही रेबीजची लस दिली. पंधरा मिनिटं मात्र फार असतात. बेसिनपाशी उभं राहून हात धुताना माणसाला आयुष्यातले सगळे निर्णय आठवतात.

सल्ल्यांपैकी बहुतेक जुन्या वाड्यांवरचे होते. वर्तमानपत्राची सुरळी करून नाकावर मारा. (आमच्याकडे पेपर मोबाइलवर येतो.) जबडा हाताने घट्ट मिटून धरा. हे दोन्ही करून पिल्लू एवढंच शिकतं की हात आला की मार येतो, आणि मग ते खेळायला चावायचं सोडून घाबरून चावायला लागतं, जे जास्त वाईट. काकांनी मटणाच्या नळीचा सल्ला दिला. कुत्र्याचं शेपूट नळीत घालण्याबद्दल आपल्याकडे म्हण आहेच, इथे नळीच कुत्र्यात घालायची होती. पण शिजलेलं हाड फुटून त्याच्या कपच्या घशात आणि आतड्यात टोचतात, म्हणून चिवड्याच्या डॉक्टरांनी सक्त मनाई केली. सासूबाईंनी हाताला कारल्याचा रस लावायला सांगितला. अंगठा चोखणाऱ्या तीन नातवंडांवर त्यांनी हा प्रयोग यशस्वी केलेला होता. मी लावला. चिवड्याने हुंगलं, एकदा जीभ लावली, विचार केला आणि कोपरापर्यंत मिटक्या मारत साफ केलं. आमच्या घराण्यात कारलं आवडलेला हा पहिला जीव. सासूबाईंच्या मनात त्याच्याविषयी आदर निर्माण झाला तो त्या दिवशी.

मग मी पुस्तक आणलं. इयन डन्बार नावाचे एक पशुवैद्य आहेत, जन्माने इंग्रज, काम सगळं कॅलिफोर्नियात. पिल्लांच्या दातांबाबत त्यांचं म्हणणं असं की चावणं एकदम बंद करायला जाऊ नका. आधी जोर कमी करायला शिकवा, मग संख्या. म्हणजे पहिल्यांदा फक्त जोराच्या चाव्याला हरकत घ्यायची, हलका चालवून घ्यायचा. मग हलक्यालाही हरकत. मग नुसत्या दात टेकवण्यालाही. कारण उद्या हे मोठं होईल, कुणाचा तरी पाय त्याच्या शेपटीवर पडेल, आणि ते दचकून तोंड घालेल तेव्हा आपला जबडा किती मिटायचा हे त्याला ठाऊक असलं पाहिजे. जे पिल्लू कधी चावलंच नाही त्याला हा अंदाज कुठून येणार?

मी हे जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे चावू द्यायचं, पण बेताने." कॅलिफोर्नियाचं सगळं शास्त्र त्यांनी आमटी वाढता वाढता एका ओळीत आणलं.

जोराच्या चाव्याला हरकत कशी घ्यायची, तर पिल्लाच्या भावंडासारखं केकाटायचं. छोटं, तीव्र, एकदाच. मला हे सहज जमेल असं वाटलं होतं. पण मराठी माणसाला दुखलं की त्याच्या तोंडून एकच शब्द निघतो. चिवड्याने अंगठ्याचं मूळ धरलं, मी ओरडले, "आई गं!"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय गं?"

"काही नाही आई, तुम्हाला नाही."

तोवर सासूबाई कणकेचे हात घेऊन बाहेर आलेल्या. चिवडा हर्षभरित. त्याला वाटलं, इथे दाबलं की तिथून पोळीवाली येते. त्याने पुन्हा दाबलं. नवऱ्याच्या हाताला दाबून बघितलं, तिथूनही "आई गं" निघालं आणि "आले रे" म्हणत पोळीवाली आली. लेकीचं बटण किंचित बिघडलेलं होतं, ती "आईऽऽ" म्हणायची आणि मी यायचे, आणि माझ्याकडे पोळी नसायची. त्यामुळे तिचा हात दुय्यम ठरला. नंतर आम्ही 'आउच' म्हणायचा सराव केला. चहा पिताना चौघांनाही छान यायचं. दात लागला की पुन्हा आई. शिवाय डॉक्टरांनी सांगितलं की काही पिल्लं केकाटणं ऐकून थांबतात आणि काही आणखी चेकाळतात. आमचं कुठल्या गटातलं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

शब्दांचा प्रश्न एकूणच अवघड होता. कुत्र्याशी इंग्रजीत बोलायचं हा आपल्याकडचा अलिखित नियम आहे. पोरांशी मराठीतच बोला म्हणून जीव तोडणारी घरंसुद्धा कुत्र्याला 'सिट' म्हणतात. नवरा चिवड्याला 'नॉट अलाउड' असं सांगायचा, आवाज असा की पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या जागेवर गाडी लावली आहे. मी 'नो'. लेक 'स्टॉप इट चिवडा प्लीज'. सासूबाईंच्या तोंडून आधी जन्मभराच्या सवयीने 'हाड्' निघायचं, मग तो आपलाच आहे हे आठवून त्या पाठोपाठ 'नाही रे राजा' जोडायच्या. एका गोष्टीला चार आज्ञा, आणि शेवटच्या आज्ञेबरोबर पोळीचा तुकडा. चिवडा कुठली शिकला असेल हे सांगायला नको. सासूबाईंना समजावणं कठीण, कारण त्यांच्या बाजूला साक्षात नामदेव उभे होते. कुत्र्याने पोळी पळवली तर कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेला तो संत, आणि इथे सून म्हणते की हाताने भरवू नका.

पुढची पायरी अशी की केकाटून उपयोग नसेल तर आपणच उठून जायचं. पिल्लाला कोंडायचं नाही, स्वतःला बाहेर काढायचं. दात लागला की खेळ बंद, बोलणं बंद, नजर बंद, उठायचं, पाठ फिरवायची, दाराआड जायचं, दहा-वीस सेकंदांनी काही झालं नाही अशा चेहऱ्याने परत यायचं. पिल्लाला आपली सोबत हवी असते. चावलं की तीच जाते, हे त्याला कळतं. उपाय बिनखर्चाचा आणि अचूक. फक्त तो लिहिणाऱ्याच्या घराला खोल्या बऱ्याच असाव्यात.

आमच्या बेडरूमचं दार पावसाळ्यात फुगतं आणि लागत नाही. दुसऱ्या खोलीच्या दाराला लेकीची दप्तरं आणि ओले रेनकोट लटकलेले. राहता राहिलं बाथरूम, संडास आणि कपडे वाळत घातलेली बाल्कनी. एका संध्याकाळी चिवडा विशेष रंगात होता. आधी मला चावला, मी बाथरूममध्ये गेले. मग नवऱ्याचं 'मार्जिन' धरलं, तो संडासात गेला. लेक पळाली, पळता पळता पोटरीला दात लागला, ती बाल्कनीत गेली. सासूबाईंनी मात्र स्वतःला कोंडून घ्यायला साफ नकार दिला. "माझ्या घरात मी का लपू?" म्हणून त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या. त्याच वेळी बेल वाजली. पार्सलवाला होता. दार उघडायचं तर सोफ्यावरून उतरायला हवं, म्हणून सासूबाईंनी बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, "सगळे आत कोंडलेत. कुत्रं बाहेर आहे."

तो म्हणाला, "मग नंतर येतो."

वीस सेकंदांचं बंधन नवऱ्याने फारसं मनावर घेतलं नव्हतं. तो मोबाइल घेऊन आत जायचा आणि पाव तासाने प्रसन्न होऊन यायचा. विचारलं तर म्हणायचा, "शिस्त लावतोय." पुढे पुढे तो चिवडा न चावताही शिस्त लावायला जाऊ लागला.

हात काढून घेतला तर बदल्यात काहीतरी द्यायला हवं, कारण चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाचे दात पडायला आणि पक्के यायला लागतात आणि हिरड्या सळसळतात. काहीतरी चावल्याशिवाय त्या जिवाला चैन पडत नाही, आणि त्यात थंडगार असलं तर फारच बरं. सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याची वेणी घालून गाठी मारल्या, ती ओली करून फ्रीजरमध्ये ठेवली. अख्खी गाजरंही ठेवली. बाजारातल्या रबरी खेळण्यांना तो हुंगून बघायचा आणि त्यांचं पॅकिंग चावायचा. लुगडं मात्र त्याने आपलं मानलं. त्या काळात आमच्या फ्रीजरमध्ये पाहुण्यांनी बर्फासाठी हात घातला की लुगडं लागायचं, त्याच्यामागे गाजर, त्याच्यामागे गोठवलेला पायमोजा. माझ्या नणंदेने तो पायमोजा पाहिला आणि काही न विचारता कोमट पाणी घेतलं. एक गोष्ट मात्र कशानेच सुटली नाही: पायजम्याची नाडी. लोंबते, हलते, ओढली की लांब होते आणि दुसऱ्या टोकाला माणूस ओरडतो. इतकं परिपूर्ण खेळणं कुठल्या कंपनीने काढलेलं नाही.

सगळ्यांत वाईट वेळ तिन्हीसांजेची. दिवेलागणीला चिवड्याच्या अंगात यायचं. सोफ्यावरून दिवाणावर, दिवाणावरून नवऱ्यावर. डोळे तारवटलेले, कान मागे, समोर येईल त्याला तोंड. पुस्तक सांगतं की एवढ्या लहान पिल्लाला दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते. ती झाली नाही की ते पेंगत नाही, उलट पिसाटतं. अशा वेळी शिकवायला जाऊ नये, दिवे मंद करून त्याला झोपू द्यावं. सासूबाईंचं निदान वेगळं होतं. दिवसभर सोसायटीतली पोरं बघून जातात, दृष्ट लागणारच. त्यांनी मोठा दिवा बंद केला, टीव्ही बंद केला, सगळ्यांना गप्प बसवलं, मूठभर मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि चिवड्यावरून हळूहळू ओवाळत राहिल्या. तिसऱ्या फेऱ्याला त्याने मान टाकली. पाचव्याला घोरायला लागला. पुस्तक आणि सासूबाई या दोघांनी एकच उपाय सांगितला होता, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढे रोज संध्याकाळी दृष्ट निघू लागली आणि महिन्याच्या किराण्यात मोहरी वाढली.

एवढं सगळं करून चावणं कमी होत होतं का? होत होतं, पण हाताहातागणिक. माझ्या हाताला कमी, नवऱ्याच्या तितकंच, लेकीच्या जास्त, आणि सासूबाईंकडे पोळीचा हप्ता चालू. एके दिवशी मी मावशींना विचारलंच, तुम्हाला कसा चावत नाही हो? मावशी फडकं पिळता पिळता म्हणाल्या, "मला कुठंय वेळ त्याच्याशी खेळायला? तोंड घालायला लागला की मी उठते नि पुढच्या खोलीत जाते. तिथली फरशी पुसायचीच असते." पुस्तक साडेचारशे रुपयांचं होतं.

आमच्या घरात एकमत झालं ते कवळीमुळे. दुपारी आडवं होताना सासूबाई कवळी काढून स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवतात. वाटी टीपॉयवर. टीपॉय चिवड्याच्या नाकाच्या उंचीचा झालाय हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी हॉलमध्ये आले तर पाणी सांडलेलं, वाटी पालथी, आणि दिवाणाखालून कुडुम कुडुम असा आवाज. वाकून पाहिलं. चिवडा पोटावर पसरलेला, कवळी दोन्ही पंजांत नीट धरलेली, आणि मागच्या दाढांनी तो सासूबाईंच्या दाढा चावत होता. माझ्याकडे त्याने वर पाहिलं तेव्हा वरची पंगत त्याच्या ओठांतून बाहेर डोकावत होती. दाखवायचे दात आणि चावायचे दात इतक्या स्पष्टपणे वेगळे मी कधी पाहिले नव्हते. सासूबाई उठून बसल्या, बोळक्या तोंडाने काहीतरी बोलल्या. मला तो शब्द लागला नाही, चिवड्याला लागला. त्याने कवळी टाकली.

दातांच्या डॉक्टरांकडे नवऱ्याने कारण सांगितलं, "कवळी कुत्र्याने चावली."

डॉक्टरांनी वही पुढे ओढली. "कोणाला?"

"कवळीला."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

नवी कवळी येईपर्यंत सासूबाईंनी पेज आणि मऊ भातावर दिवस काढले, आणि त्या दिवसांत नामदेव महाराज घरातून अंतर्धान पावले. हाताने भरवणं बंद. पोळी ताटलीत आणि तीही बसल्यावरच. दात टेकला की सासूबाई स्वतः उठून पाठ फिरवून देवघराकडे जाऊ लागल्या, आणि बाकीच्यांनी तसं केलं नाही तर त्यांचीच हजेरी. आज्ञा एकच राहिली, 'सोड'. 'नॉट अलाउड' म्हणणाऱ्याला चहा मिळेना. नवऱ्याला फोनवर बोलताना हात खिशात घालायला लावलं. त्याचं बोलणं अर्ध्यावर आलं, आणि ऑफिसातल्या लोकांना ते आवडलं म्हणे. लेकीला शिकवलं की दात लागला तर हात मागे ओढायचा नाही, सैल सोडायचा. मेलेल्या हातात काही मजा नसते. आणि चिवडा, ज्याला इतके दिवस आम्ही हट्टी म्हणत होतो, तो भराभर शिकला.

त्याच सुमारास एक दिवस केर काढताना मावशींना त्याचा दुधाचा दात सापडला. बहुतेक पिल्लं पडलेले दात खाऊन टाकतात, त्यामुळे सापडणं तसं नवलाचं. लेकीचाही पुढचा दात नुकताच पडलेला. पडलेला दात कौलावर फेकायचा असतो हे तिला आजीने सांगितलं होतं, पण सातव्या मजल्यावरून कौल आणायचं कुठून? तिने दोन्ही दात वॉचमनच्या केबिनच्या पत्र्यावर फेकले. वॉचमन बाहेर येऊन आभाळाकडे बघत राहिला.

सात महिन्यांचा झाला तेव्हा चिवड्याच्या तोंडात पक्के ४२ दात होते आणि त्यातला एकही कुणाच्या हाताला लागत नव्हता. याचं श्रेय घरात अजून वाटून झालेलं नाही. मी पुस्तकाला देते, लेक स्वतःला. नवरा शिस्तीला देतो, म्हणजे बाथरूमला. सासूबाई मोहरीला. दात आले की हिरड्यांची सळसळ थांबते, असं डॉक्टर म्हणाले, पण त्यांना या घरात कुणी विचारलेलं नाही. नवरा आता पायजम्याला इलास्टिक लावतो.

परवा तिसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं आलं. दोघांच्याही बोटांना पट्ट्या, लस टोचून झालेलं पिल्लू काखेत. "तुमच्या चिवड्याला कसं शिकवलंत?" चहा ठेवला, आणि आम्ही चौघं एकाच वेळी बोलायला लागलो. लेक म्हणाली, हात मेल्यासारखा करायचा. सासूबाई उठून मोहरीचा डबा शोधायला गेल्या. मी पुस्तक आणायला वळले. नवरा उत्साहाने हातवारे करून समजावता समजावता "दोन मिनिटं हं" म्हणून आत गेला. या गलबल्यात ते नवं पिल्लू खाली उतरलं, थेट चिवड्याकडे गेलं आणि त्याचा कान धरून लोंबकळलं.

चिवडा कळवळला, पण त्याने दात दाखवले नाहीत. तो उठला, कान सोडवून घेतला, त्या पिल्लाकडे पाठ केली आणि सरळ बाथरूमकडे चालू लागला. दार बंद होतं. आत नवरा होता.